इट्राकोनाझोल आणि त्याची रक्तातील पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की विदर्भातल्या गावांत गजकर्णाचे रुग्ण वाढतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या चिठ्ठीवर इट्राकोनाझोलची कॅप्सूल असते. त्यानंतर महिनाभराने येणारी तक्रार बहुधा एकच असते: कॅप्सूल नियमित खाल्ल्या, पण फरक पडला नाही. अशा वेळी औषधाला किंवा डॉक्टरांना दोष देण्याआधी एक गोष्ट तपासून पाहणे आवश्यक असते, ती म्हणजे पोटात गेलेले औषध रक्तात पुरेसे पोहोचते आहे की नाही. पुढील प्रश्न रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि काही आशाताईंनी वेळोवेळी विचारलेले आहेत. उत्तरे समजुतीसाठी आहेत. औषधाचे प्रमाण बदलण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

१. इट्राकोनाझोल हे कशाचे औषध आहे आणि त्याची ‘रक्तातील पातळी’ म्हणजे नेमके काय?

हे बुरशीविरुद्धचे औषध आहे. गजकर्ण आणि नखांची बुरशी यांसाठी ते सर्वांना परिचित आहे. परंतु टीबी बरा झाल्यानंतर फुफ्फुसात उरलेल्या पोकळीत वाढणारी ॲस्परजिलस बुरशी, हिस्टोप्लाज्मोसिस, तसेच शेतात अनवाणी चालताना काटा रुतल्यानंतर पायात वर्षानुवर्षे वाढत जाणारी मायसेटोमाची गाठ अशा खोलवरच्या आजारांतही ते दीर्घकाळ दिले जाते.

रक्तातील पातळी म्हणजे एक लिटर रक्तद्रवात औषध किती मिलिग्रॅम आहे, याचे मोजमाप. दोन माणसांनी सारखीच २०० मिलिग्रॅमची मात्रा घेतली, तरी त्यांच्या रक्तातील पातळीत अनेक पटींचा फरक असू शकतो. कारण औषधाला तीन टप्पे पार करावे लागतात: जठरात विरघळणे, आतड्यातून शोषले जाणे, आणि आतड्याच्या भिंतीत व यकृतात असलेल्या सीवायपी ३ए४ नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) होणाऱ्या विघटनातून शिल्लक राहणे. या विघटनातून तयार होणारे हायड्रॉक्सी-इट्राकोनाझोलही बुरशीवर काम करते, ही या औषधाची एक वेगळी बाजू असून तिचा संबंध प्रश्न ११ मध्ये येतो.

२. कॅप्सूल जेवणानंतरच घ्या, असे का सांगतात? उपाशीपोटी घेतली तर जास्त लागू पडत नाही का?

नाही, नेहमीच्या कॅप्सूलच्या बाबतीत परिणाम उलटा होतो. इट्राकोनाझोल तुपासारखे पाण्यात न विरघळणारे आहे आणि ते विरघळण्यासाठी जठरात भरपूर आम्ल असावे लागते. पूर्ण जेवण झाले की आम्ल स्रवते, अन्न जठरात अधिक वेळ राहते आणि औषधाला विरघळायला अवकाश मिळतो. म्हणून कॅप्सूल जेवण संपताच, पाण्यासोबत, अख्खी गिळावी. ती उघडून आतले दाणे भाजीत किंवा दुधात मिसळू नयेत.

याला एक ठळक अपवाद आहे. इट्राकोनाझोलचे पातळ औषध, म्हणजे सायरपसारखे द्रावण, उपाशीपोटी अधिक चांगले शोषले जाते. त्यात औषध आधीच विरघळवलेले असल्यामुळे त्याला जेवणाची मदत लागत नाही. तेव्हा घरातल्या एकाला जेवणानंतर आणि दुसऱ्याला उपाशीपोटी घ्यायला सांगितले असेल, तर त्यात कोणाची चूक असेलच असे नाही; औषधाचे रूप कोणते आहे ते आधी पाहावे.

३. आम्ही सकाळी सहालाच निंदणाला किंवा कापूस वेचायला जातो, तेव्हा फक्त चहा झालेला असतो. मग कॅप्सूल केव्हा घ्यावी?

चहा आणि टोस्ट हे या औषधाच्या दृष्टीने जेवण नव्हे. सकाळच्या घाईत कॅप्सूल चहासोबत घेतली जाते आणि तिचा मोठा भाग न विरघळताच पुढे निघून जातो, असा प्रकार आमच्या पाहण्यात सर्वाधिक आहे आणि तो दुरुस्त करणे सर्वांत सोपे आहे. दिवसातून एकदाच घ्यायची असेल, तर जे जेवण रोज हमखास पोटभर होते त्यानंतर घ्यावी. बहुतेक घरांत ते रात्रीचे असते. दिवसातून दोनदा असेल, तर एक कॅप्सूल शिदोरीसोबत शेतात न्यावी आणि दुपारची भाकर-भाजी खाल्ल्यावर घ्यावी, दुसरी रात्रीच्या वरण-भातानंतर. ‘सकाळ-संध्याकाळ’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असले, तरी आपल्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना स्पष्ट सांगून वेळ बदलून घ्यावी. त्यात संकोच करू नये.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ किंवा भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटभर खाल्ली जात असेल, तर त्यानंतर कॅप्सूल घेण्यास हरकत नाही. निरंकार उपवास असेल, तर तो सुटल्यानंतरच्या जेवणासोबत घ्यावी. रमजानच्या महिन्यात इफ्तारनंतरचे मुख्य जेवण आणि सहेरी या दोन वेळा या औषधाला व्यवस्थित जुळतात.

४. कॅप्सूलने जळजळ होते म्हणून मी सोबत गॅसची गोळी घेतो. चालते का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण गावोगावी गॅसची गोळी चिठ्ठीशिवाय घेतली जाते आणि डॉक्टरांना ती सांगण्याइतकी महत्त्वाची कोणालाच वाटत नाही. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल ही औषधे जठरातील आम्लाचे उत्पादनच कमी करतात आणि त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला जे आम्ल हवे, तेच त्यामुळे नाहीसे होते आणि रक्तातील पातळी बरीच खाली येते. ही गोळी सकाळी आणि इट्राकोनाझोल रात्री, असे अंतर ठेवूनही पूर्ण सुटका होत नाही. फॅमोटिडीनसारख्या गोळ्यांचाही परिणाम याच दिशेने होतो.

जळजळ शमवण्यासाठी घेतले जाणारे पातळ अँटासिड तुलनेने सोयीचे आहे, कारण त्याचा परिणाम थोडा वेळच राहतो. ते आणि इट्राकोनाझोल यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

येथे आणखी एक धोका आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या गॅसच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोलसोबत डोम्पेरिडोनही असते. त्यातला पहिला घटक इट्राकोनाझोलचे शोषण कमी करतो, तर इट्राकोनाझोल दुसऱ्या घटकाची रक्तातील पातळी वाढवते, आणि वाढलेल्या डोम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. म्हणून ही जोडी एकत्र घेऊ नये. अल्सरमुळे किंवा अन्य कारणाने आम्ल कमी करणारी गोळी खरोखरच आवश्यक असेल, तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ते इट्राकोनाझोलचे दुसरे रूप (प्रश्न ६) किंवा दुसरे बुरशीविरोधी औषध निवडू शकतात.

५. कोलाचे थंड पेय घेऊन कॅप्सूल घ्यावी, असे ऐकले. हे खरे आहे का? ताक किंवा संत्र्याचा रस चालेल का?

यात तथ्य आहे, पण ते सर्वांसाठी नाही. ज्यांच्या जठरात आम्ल कमी आहे किंवा ज्यांना आम्ल कमी करणारी गोळी थांबवता येत नाही, अशांमध्ये साखरयुक्त कोलासोबत घेतलेली कॅप्सूल अधिक शोषली जाते, असे अभ्यासांत दिसले आहे; कारण ते पेय बरेच आम्लधर्मी असते. ज्याचे जठर नीट काम करते आणि जो जेवणानंतर कॅप्सूल घेतो, त्याला याची गरज नाही. मधुमेह असलेल्यांनी तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. वरूड-मोर्शीची संत्री आपल्याकडे मुबलक असली आणि ती आंबट असली, तरी तिचा रस कोलाची जागा घेईल असे गृहीत धरू नये, ताकाचेही तसेच. कॅप्सूल पाण्यासोबत घ्यावी. ताक जेवणात नेहमीप्रमाणे असू द्यावे.

६. मागच्या वेळी १०० ची कॅप्सूल होती, आता ६५ ची दिली. मेडिकलवाल्याने कमी ताकदीची दिली का?

बहुधा नाही. ‘सुबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या बनावटीत औषध अशा रीतीने बसवलेले असते की ते अधिक प्रमाणात आणि अधिक समान रीतीने शोषले जाते. त्यामुळे तिच्या ६५ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला जुन्या बनावटीच्या अधिक आकड्याच्या कॅप्सूलइतके काम करता येते. जठरातील आम्लावर तिचे अवलंबून राहणेही कमी असते. म्हणून दोन बनावटींचे आकडे समोरासमोर ठेवून मोजू नयेत, आणि ६५ च्या जागी १०० ची नेहमीची कॅप्सूल ‘जवळपास तीच’ म्हणून स्वीकारू नये. मेडिकलमधून बदलून मिळालेली पट्टी डॉक्टरांना दाखवावी.

नेहमीच्या कॅप्सूलमध्येही कंपनीनुसार फरक असतो. आतल्या बारीक दाण्यांवर औषधाचा थर चढवलेला असतो आणि दाण्यांची संख्या व आकार यांवर विरघळणे अवलंबून असते. हा फरक भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनीही दाखवून दिलेला आहे. एका कंपनीच्या औषधाने गुण येत असेल, तर उपचार संपेपर्यंत शक्यतो तेच चालू ठेवणे शहाणपणाचे आहे.

७. माझा टीबीचा उपचार चालू आहे आणि अंगावर गजकर्ण आहे. दोन्ही औषधे सोबत घेऊ का?

नेहमीच्या टीबी उपचारात रिफॅम्पिसिन असते आणि ते इट्राकोनाझोलचे विघटन करणाऱ्या विकराचे प्रमाण शरीरात वाढवते. परिणामी इट्राकोनाझोलची पातळी इतकी खाली येते की तपासणीत ती कधी कधी सापडतही नाही. मात्रा वाढवून ही उणीव भरून निघत नाही. म्हणून ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, असाच सल्ला आहे. रिफॅम्पिसिन बंद केल्यानंतरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. टीबीचा शेवटचा डोस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी इट्राकोनाझोल सुरू करण्यात अर्थ नसतो.

टीबीचे औषध मात्र गजकर्णासाठी एक दिवसही थांबवू नये. गजकर्ण त्रासदायक आहे, टीबी प्राणघातक आहे. त्या काळात लावायच्या मलमांवर किंवा डॉक्टरांनी सुचवलेल्या अन्य औषधावर गजकर्ण आटोक्यात ठेवता येते.

दोन प्रसंग सहज नजरेतून सुटतात. पहिला, घरात टीबीचा रुग्ण असल्यामुळे प्रतिबंधक उपचार घेणाऱ्या निरोगी व्यक्तीचा: आठवड्यातून एकदा, बारा आठवडे दिल्या जाणाऱ्या उपचारात रिफापेन्टिन असते आणि तेही रिफॅम्पिसिनच्याच गटातले आहे. ‘मला टीबी नाही’ एवढेच सांगितल्यावर डॉक्टरांना हे कळणार नाही. दुसरा, औषधांना दाद न देणाऱ्या एमडीआर टीबीच्या रुग्णाचा: त्यांच्या उपचारात रिफॅम्पिसिन नसते म्हणून इट्राकोनाझोल निर्धोक आहे, असे नाही. त्यांना बहुधा बेडाक्विलीन दिलेले असते. इट्राकोनाझोलमुळे त्याची पातळी वाढते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णांनी जिल्हा क्षयरोग केंद्रातील डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुरशीचे कोणतेही तोंडी औषध घेऊ नये.

८. फिटच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्यांचा या औषधावर परिणाम होतो का?

होतो. फिटसाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे रिफॅम्पिसिनप्रमाणेच विकराचे प्रमाण वाढवून इट्राकोनाझोलची पातळी पाडतात. व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम यांचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे कधी कधी डॉक्टर फिटचे औषध बदलण्याचा विचार करतात. तो बदल हळूहळू आणि त्यांच्याच देखरेखीखाली व्हावा, कारण एखादी गोळी अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते.

एचआयव्हीच्या जुन्या उपचारातील इफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिन पातळी कमी करतात, तर रिटोनाव्हिर असलेली औषधे ती वाढवतात. आता बहुतेकांना दिले जाणारे डोलुटेग्राव्हिर तिला फारसे हात लावत नाही. मात्र आजार वाढलेल्या रुग्णांत जठरातील आम्ल मुळातच कमी असू शकते आणि जुलाब चालू असतील तर शोषणही घटते.

९. उलट, इट्राकोनाझोलमुळे माझ्या बीपी-शुगरच्या गोळ्या बिघडतात का?

इट्राकोनाझोल स्वतः सीवायपी ३ए४ विकराला रोखून धरते, त्यामुळे त्याच विकराने तुटणारी इतर औषधे रक्तात साचतात. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनसोबत ते घेऊच नये, कारण स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. ॲटोरव्हास्टॅटिनबाबतही डॉक्टरांना विचारावे. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या पायांवर सूज वाढू शकते, शुगरच्या काही गोळ्यांसोबत साखर अचानक खाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि डिगॉक्सिन व वॉरफॅरिन यांची मात्रा बारकाईने सांभाळावी लागते. दम्याच्या पंपातील ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसुद्धा साचते आणि महिनोन्‌महिने चालू राहिल्यास चेहरा सुजणे, अशक्तपणा येणे असे स्टेरॉइडचे परिणाम दिसतात. टीबीनंतरच्या फुफ्फुसांच्या रुग्णांत हा प्रसंग वारंवार येतो.

हृदय अशक्त असल्याचे, म्हणजे हार्ट फेल्युअरचे निदान झालेले असेल, तर गजकर्णासाठी किंवा नखांसाठी हे औषध घेऊ नये.

१०. मला गजकर्णच आहे. रक्तातील पातळी तपासावी लागेल का?

साधारणपणे नाही. त्वचेच्या आजारात हे औषध त्वचेतील स्निग्ध द्रव्यात आणि केराटिनमध्ये साठते. त्वचेत ते रक्तापेक्षा अधिक प्रमाणात आणि अधिक काळ, म्हणजे बंद केल्यानंतरही दोन ते चार आठवडे, टिकून राहते. नखांत तर ते काही महिने राहते. त्यामुळे रक्तातला आकडा त्वचेचे पूर्ण चित्र दाखवत नाही आणि तपासणीचा खर्च बहुधा वाया जातो. एखादी कॅप्सूल चुकली तरी घाबरू नये. पुढच्या जेवणानंतर नेहमीची मात्रा घ्यावी, दुप्पट घेऊ नये.

फुफ्फुसातील ॲस्परजिलस, हिस्टोप्लाज्मोसिस अशा खोल आजारांत मात्र ही तपासणी मोलाची आहे. तेथे उपचार सहा महिने किंवा त्याहून अधिक चालतो, आणि पातळी अपुरी असल्याचे शेवटी कळले तर तो सगळा काळ हातातून गेलेला असतो. गुण न येणे, प्रश्न ४, ७ किंवा ८ मधील औषधे सोबत चालू असणे, सतत जुलाब, जठराची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा औषधाची बनावट बदललेली असणे, या कारणांनीही ती करावी.

११. तपासणी केव्हा करावी आणि आकडा किती असावा?

औषध सुरू केल्यापासून रक्तातील पातळी स्थिर व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यापूर्वी दिलेले रक्त खरा अंदाज देत नाही. नमुना पुढची मात्रा घेण्याआधी द्यावा आणि शेवटची कॅप्सूल केव्हा घेतली ती वेळ कागदावर लिहून द्यावी. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. नागपूरला जाण्याआधी संबंधित प्रयोगशाळेला फोन करून ती नमुना घेते का आणि अहवालास किती दिवस लागतात, हे विचारून घेतल्यास एक फेरी वाचते.

उपचारासाठी सर्वसाधारणपणे प्रतिलिटर ०.५ ते १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पातळी अपेक्षित असते, आणि ४ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास दुष्परिणामांची शक्यता वाढते. हे आकडे एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतींचे आहेत. बायोअसे नावाच्या जुन्या पद्धतीत हायड्रॉक्सी-इट्राकोनाझोलही मोजले जाते, म्हणून तिचा आकडा कित्येक पटींनी मोठा येतो. दोन प्रयोगशाळांच्या अहवालांची तुलना करण्यापूर्वी पद्धतीचे नाव वाचावे.

१२. पातळी कमी आली तर मीच दोनाऐवजी चार कॅप्सूल घेऊ का?

कृपया असे करू नये. इट्राकोनाझोलची पातळी मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. विघटन करणारी यंत्रणा भरून गेली की मात्रा थोडी वाढवली तरी पातळी अपेक्षेपेक्षा जास्त चढते. दुसरीकडे, जठरात आम्लच नसेल तर चार कॅप्सूलही न विरघळता निघून जातील आणि पैसे वाया जातील. डॉक्टर आधी कारण शोधतात, मग मात्रा बदलतात. पायांवर सूज, दम लागणे, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, भूक मरणे यांपैकी काहीही दिसल्यास औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

१३. यकृताचा किंवा किडनीचा आजार असेल तर?

यकृताच्या सिरॉसिसमध्ये हे औषध शरीरातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, म्हणून जपून आणि यकृताच्या तपासण्या करत द्यावे लागते. मोहाची असो वा दुकानातली, दारू या काळात पूर्ण बंद असावी. किडनीमार्गे मूळ औषध जवळजवळ बाहेर पडत नाही, तरीही किडनीच्या रुग्णांत पातळी कमी-जास्त होऊ शकते आणि त्यांची इतर औषधे बरीच असतात, म्हणून देखरेख लागते. गर्भवतींनी गजकर्णासाठी हे औषध घेऊ नये.

१४. पातळी चांगली आहे, जेवणानंतरच घेतो, तरी गजकर्ण जात नाही. आता काय?

मग कारण रक्तात नसून दुसरीकडे शोधावे लागते. पहिला संशय स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाचा घ्यावा. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. दुसरे कारण घरातच असते: एकाच दुपट्ट्याने अंग पुसणारी, एकाच खोलीत झोपणारी माणसे एकत्र उपचार घेत नाहीत, तोवर ती एकमेकांना संसर्ग देत राहतात. धानाच्या बांधीत दिवसभर ओल्या कपड्यांत काम करणाऱ्यांनी घरी येताच कोरडे कपडे घालावेत. आणि भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीला टर्बिनाफिन हे दुसरे नेहमीचे औषध अनेकदा लागू पडत नाही, म्हणून जुन्या चिठ्ठीवरून औषध बदलण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

१५. काळ्या बुरशीच्या वेळी भावाला पोसाकोनाझोल दिले होते, शेजाऱ्यांना व्होरिकोनाझोल. त्यांनाही हेच नियम लागू होतात का?

नाही, आणि येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. २०२१ मध्ये कोरोनानंतर आलेल्या म्युकरमायकोसिसमध्ये पोसाकोनाझोल वापरले गेले. व्होरिकोनाझोल त्या बुरशीवर चालत नाही. पोसाकोनाझोलचे पातळ औषध स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्यावे लागते आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी त्याची पातळी घटते, पण त्याच्या गोळीवर आम्लाचा परिणाम फारसा होत नाही. व्होरिकोनाझोल मात्र जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर घ्यावे लागते. त्याचे विघटन मुख्यतः सीवायपी २सी१९ या विकराने होते. हे विकर जन्मतःच कमी काम करणारे असल्यास नेहमीच्या मात्रेनेही पातळी फार चढते, आणि शरीरात तीव्र दाह असतानाही ती वाढते. त्याची अपेक्षित पातळी प्रतिलिटर १ ते ५.५ मिलिग्रॅम असते. ती ओलांडल्यास भ्रम होणे, नजरेसमोर आकृत्या दिसणे, यकृताला त्रास होणे अशी लक्षणे येतात. फ्लुकोनाझोलला जेवण आणि आम्ल या दोन्हींनी फरक पडत नाही, परंतु ते मुख्यतः किडनीमार्गे बाहेर पडते, म्हणून किडनीच्या रुग्णांत त्याची मात्रा कमी करावी लागते. या चारही औषधांसोबत रिफॅम्पिसिनचा प्रश्न मात्र उरतोच: व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोलची पातळी त्याने बरीच पडते, फ्लुकोनाझोलची त्या मानाने कमी, आणि इट्राकोनाझोलबाबत प्रश्न ७ पाहावा.